तुरुंगाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत



वार्तापत्राच्या या अंकात उकडीच्या मोदकांची कृती आणि मराठी शाळेचा वृत्तांत यांच्या मधोमध तुरुंगावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. आमचा विषय रसायनशास्त्र. मंडळात आमचे काम खुर्च्या मांडणे, चहाच्या थर्मासवर लक्ष ठेवणे आणि हे वार्तापत्र झेरॉक्स करून पाकिटात घालणे. इतिहासाशी आमचा संबंध लायब्ररीच्या कार्डापुरता. तरीही हा लेख आम्ही संपादकांकडून मागून घेतला, त्याला कारण घडले.

गेल्या बैठकीत स्वयंसेवकांच्या फॉर्मचा विषय निघाला. नाव, पत्ता, फोन, शाकाहारी की मांसाहारी, गाडीतून किती जणांना आणू शकाल, हे प्रश्न त्यावर पूर्वीपासून आहेत. त्यात आणखी एक चौकट घालावी अशी सूचना आली: "आपणांस कधी कोणत्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे काय? हो / नाही." सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. आपल्या कार्यक्रमांना लहान मुले असतात, तिकिटांच्या पैशांची पेटी असते. सूचना दोन मिनिटांत मंजूर झालीही असती. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मग आमच्या घरातलं कुणी यायला नको, असं सरळच लिहा ना." कोट उचलला आणि त्या निघून गेल्या.

त्यांचा मुलगा बावीस महिने तुरुंगात काढून मागच्या हिवाळ्यात घरी आला आहे. काकूंनी परवानगी दिली म्हणून एवढे लिहितो. नाव, गाव आणि गुन्हा यांचा या लेखाशी संबंध नाही.

आम्हाला हे आधीपासून ठाऊक होते. मुलगा आत असताना एकदा काकू इंडियन ग्रोसरीच्या दुकानात समोरून येताना दिसल्या आणि आम्ही डाळींच्या रांगेतून मसाल्यांच्या रांगेत वळलो. काय बोलावे ते सुचले नाही, हे खरे. सुचेल म्हणून थांबलोही नाही, हेही खरे. बैठक तहकूब झाली तेव्हा आम्ही म्हटले, पुढच्या बैठकीपूर्वी याविषयी थोडे वाचून येतो. जे वाचले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

दोन प्रकारचे तुरुंग

आपल्या मराठी घरांत तुरुंग या शब्दाला एके काळी मान होता. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेला होते आणि 'गीतारहस्य' तिथे लिहिले गेले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बेचाळीसमध्ये आत जाऊन आलेले आजोबा ज्यांच्या घरी होते, ते अजूनही अभिमानाने सांगतात. आत जाऊन आलेल्या माणसाला ओवाळायचे असते, हे आपल्या आजीला माहीत होते.

पण मारामारी, अमली पदार्थ, दारू पिऊन चालवलेली गाडी किंवा कंपनीच्या पैशांत केलेला घोळ यांसाठी जो आत गेला, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. "तो सध्या टेक्सासला असतो," असे सांगून विषय बदलला जातो. मग तो टेक्सासहून परत येतो तेव्हा काय करायचे, हे कुणालाच कळत नाही. इतिहासात मात्र हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर निरनिराळ्या देशांत माणसांनी डोके चालवले आहे.

बॉस्टनचा बूट बनवणारा

सुरुवात याच देशातून करू. जॉन ऑगस्टस हा बॉस्टनमधला बूट बनवणारा. शिक्षण बेताचे, सरकारी पद कसलेच नाही. १८४१ च्या ऑगस्टमध्ये तो पोलीस कोर्टात बसला होता. दारूच्या आरोपाखाली एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला आणले गेले. त्याची रवानगी तुरुंगात होणार हे उघड होते. ऑगस्टस त्याच्याशी दोन शब्द बोलला, त्याचा जामीन राहिला आणि तीन आठवड्यांनी त्याला परत हजर केले. तोवर त्या माणसाने दारू न पिण्याची शपथ घेतली होती आणि त्याचे रूप इतके पालटले होते की कोर्टात कुणी त्याला ओळखेना. न्यायाधीशांनी एक सेंट दंड केला. कोर्टखर्च धरून एकूण ३ डॉलर ७६ सेंट झाले, ते त्याने तिथल्या तिथे भरले.

ऑगस्टसने हे काम पुढे अठरा वर्षे, म्हणजे १८५९ मध्ये मरेपर्यंत चालू ठेवले. १८५८ पर्यंत त्याने १,९४६ जणांसाठी जामीन दिला होता. तो नुसता पैसे भरून मोकळा होत नसे. तो त्या माणसाला राहायला जागा बघे, काम मिळवून देई आणि ठरलेल्या तारखेला कोर्टात घेऊन येई. यापायी त्याचा बुटांचा धंदा बसला. त्याला विरोध झाला तो कोर्टाच्या शिपायांकडून, कारण तुरुंगात पोचवलेल्या प्रत्येक माणसामागे त्यांना पैसे मिळत. ऑगस्टसने सोडवलेला प्रत्येक माणूस म्हणजे त्यांचे नुकसान.

त्याच्या मृत्यूनंतर मॅसॅच्युसेट्सने १८७८ मध्ये प्रोबेशनचा कायदा केला आणि हे काम पगारी अधिकाऱ्यांकडे आले. आज ज्याला प्रोबेशन म्हणतात त्याचे मूळ असे एका कारागिराच्या खिशात आहे.

बेटावरचा वाढदिवस

ऑगस्टस माणसांना तुरुंगाबाहेर ठेवू पाहत होता. आत गेलेल्यांचे काय, याचा विचार त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला चालला होता. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला नॉरफोक नावाचे बेट आहे. ब्रिटिश सरकार तिथे सर्वांत 'न सुधारणारे' कैदी पाठवीत असे. १८४० मध्ये तिथे अलेक्झांडर मॅकोनोकी हा नौदलातला कॅप्टन अधिकारी म्हणून आला. त्याचे म्हणणे असे की, शिक्षा वर्षांत मोजू नका, गुणांत मोजा. कामाचे आणि वागणुकीचे गुण मिळवून कैद्याने आपली सुटका स्वतः जवळ आणावी.

त्याच वर्षी मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाला त्याने दिवसभरासाठी कैद्यांना मोकळे सोडले. जेवण दिले, नाटक करू दिले, शोभेचे दारूकाम केले. संध्याकाळी सगळे मुकाट्याने आपापल्या जागी परतले. बातमी सिडनीला पोचली तेव्हा अधिकारी खवळले. १८४४ मध्ये मॅकोनोकीला परत बोलावण्यात आले.

कल्पना मात्र मेली नाही. आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी १८५४ पासून तिला व्यवहाराची जोड दिली. त्यांच्या पद्धतीत शेवटचा टप्पा लस्क इथल्या जवळजवळ भिंती नसलेल्या ठिकाणी काढायचा असे आणि नंतर अटींवर सुटका. शिवाय डब्लिनमध्ये जेम्स ऑर्गन नावाचे एक शिक्षक सुटलेल्यांसाठी मालकांचे दरवाजे ठोठावत, नोकऱ्या मिळवून देत आणि नंतर चौकशी करीत. इथून ही पद्धत अमेरिकेत आली. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा इथे १८७६ मध्ये उघडलेल्या तुरुंगात ती पॅरोल म्हणून रुजली. 'पॅरोल' हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ, दिलेले वचन. १९४२ पर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात पॅरोल होता.

वचन एका बाजूने दिलेले होते. कैदी म्हणे, मी नीट वागेन. समाजाने त्याला काय वचन दिले, हा प्रश्न काही मोजक्या लोकांनीच विचारला. आयझॅक हॉपर हे त्यांपैकी एक, क्वेकर पंथाचे. १८४५ मध्ये त्यांच्या कामातून न्यूयॉर्कमध्ये सुटून आलेल्या स्त्रियांसाठी घर सुरू झाले आणि त्यांची कन्या ॲबिगेल हॉपर गिबन्स यांनी ते पुढे चालवले. स्त्रीला तुरुंगातून सुटल्यावर घरची माणसेही दारात उभी करीत नसत, हे त्यांनी पाहिले होते. मॅनहॅटनच्या सेकंड अव्हेन्यूवर ११० क्रमांकाची हॉपर यांच्या नावाची इमारत १८७४ पासून याच कामासाठी आहे. १८९६ मध्ये मॉड बॅलिंग्टन बूथ यांनी न्यूयॉर्कमध्येच सुटलेल्या पुरुषांसाठी 'होप हॉल' उघडला.

आपले औंध

हे वाचताना आम्हाला राहून राहून आठवत होते ते औंध संस्थान. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांना पुष्कळजण सूर्यनमस्कारांमुळे ओळखतात. किर्लोस्करवाडी त्यांच्याच संस्थानातली. १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी प्रजेला राज्यघटना देऊन आपले अधिकार सोडले. राजपुत्र अप्पासाहेब पंत या प्रयोगात पुढे होते आणि त्यांच्यासोबत एक पोलिश ज्यू इंजिनिअर होते, मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात वाढलेला हा माणूस बंगलोरच्या सरकारी विजेच्या कारखान्याचा प्रमुख म्हणून भारतात आला आणि भारतानंद नाव घेऊन इथलाच झाला. (निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे जे इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये निघाले, ते यांनीच केले.)

फ्रीडमन यांनी राजेसाहेबांकडे कैदी मागितले. आटपाडीजवळच्या माळावर १९३९ मध्ये 'स्वतंत्रपूर' वसले. तटबंदी नाही, बेड्या नाहीत. शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करीत आणि मुख्य म्हणजे बायकामुलांसह राहत. माणदेशातला तो भाग, पाऊस नावापुरता. पळून जायला कुणी अडवत नव्हते. तिथे राहण्यासारखे काहीतरी होते म्हणून माणसे राहिली. संस्थान विलीन झाले, आटपाडी सांगली जिल्ह्यात आली आणि स्वतंत्रपूर महाराष्ट्र सरकारच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून पुढे चालू राहिले.

यावरून १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि गदिमा त्याच आटपाडी भागातले. चित्रपटाला १९५८ मध्ये बर्लिनला पारितोषिक मिळाले. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, पण त्यातली एक गोष्ट आमच्या लक्षात आता आली. सहा कैदी माळरानावर भाजी पिकवतात, ते त्यांना जमते. अडचण येते ती बाजारात. प्रामाणिक भावाने विकायला बसले की इतर व्यापारी त्यांना मारहाण करतात. माणूस आत सुधारतो की नाही, हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा बाजाराचा आहे आणि बाजार म्हणजे आपण.

भारतात पुढे १९५८ मध्ये प्रोबेशनचा केंद्रीय कायदा झाला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. त्यातले समाजसेवक तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत जाऊन बसतात आणि सुटलेल्यांना प्रशिक्षण व काम मिळवून देण्यासाठी खटपट करतात. ऑगस्टस आणि ऑर्गन यांचेच काम.

अमेरिकेने पाठ फिरवली

इकडे अमेरिकेत १९७० नंतर वारे फिरले. १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिनसन यांचा एक लेख गाजला. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की कैद्यांना सुधारण्याचा कोणताच उपाय चालत नाही. मार्टिनसन यांनी पुढे १९७९ मध्ये आपले मत बरेच सौम्य केले, पण तोवर कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. केंद्र सरकारने १९८४ च्या कायद्याने आपला पॅरोल बंद केला. १९७२ च्या सुमारास राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे दोन लाख माणसे होती. २००९ मध्ये ती सोळा लाखांवर गेली. १९९४ मध्ये कैद्यांना कॉलेज शिक्षणासाठी मिळणारे पेल अनुदान बंद झाले. १९९६ मध्ये अमली पदार्थांच्या मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना फूड स्टॅम्प जन्मभर मिळू नयेत असा कायदा झाला. राज्यांना त्यातून सूट घेण्याची मुभा होती आणि बहुतेकांनी ती हळूहळू घेतली.

याच काळात उलट दिशेने जाणारेही होते. १९६७ मध्ये डेव्हिड रॉथेनबर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये तुरुंगावरचे एक नाटक रंगमंचावर आणले. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा होई. तिथे सुटून आलेली माणसे उठून बोलू लागली आणि त्यातून 'फॉर्च्यून सोसायटी' उभी राहिली. सुटून आलेल्यांनीच सुटून येणाऱ्यांना हात द्यायचा, ही तिची पद्धत. २००२ पासून हार्लेममध्ये तिचे राहण्याचे घर आहे, त्याला 'कॅसल' म्हणतात. नाटकवेड्या मराठी माणसाला यात काही आश्चर्य वाटू नये.

जाणारे जवळजवळ सगळे परत येतात, हे सरकारला उशिरा उमगले. २००४ च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी सांगितले की त्या वर्षी सुमारे सहा लाख कैदी सुटून समाजात येतील. २००८ मध्ये 'सेकंड चान्स' कायद्यावर त्यांची सही झाली आणि अशा कामासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. रँड संस्थेने २०१३ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आत शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी आढळली. पेल अनुदान २०२३ मध्ये कैद्यांना पुन्हा खुले झाले. मधली एकोणतीस वर्षे गेली ती गेली.

पहिले दोन आठवडे

आता थोडे आमच्या विषयाचे. २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या तीस हजारांहून अधिक सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूची शक्यता इतर रहिवाशांच्या १२.७ पट होती. सर्वांत मोठे कारण, अमली पदार्थांचा जादा डोस.

यात नीतीचा प्रश्न बाजूला ठेवून रसायनाकडे पाहू. अफूच्या जातीचे पदार्थ मेंदूतल्या ठरावीक ग्राहींना चिकटतात. रोज घेतले की त्या ग्राहींची दाद कमी होते आणि तोच परिणाम होण्यासाठी जास्त मात्रा लागते. तुरुंगात काही महिने पदार्थ मिळाला नाही की शरीर पूर्ववत होऊ लागते. माणसाच्या आठवणीत मात्र जुनी मात्रा पक्की असते. बाहेर आल्यावर, एकाकीपणात, त्याने तीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. आजकाल रस्त्यावरच्या मालात फेंटानिल असते, त्यामुळे धोका आणखी वाढला आहे. यावर नॅलोक्सोन हा उतारा नाकात फवारायचा असतो आणि २०२३ पासून अमेरिकेत तो चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी आहे. ज्यांच्या घरी असे माणूस परत येत आहे, त्यांनी तो फडताळात ठेवावा. देवघराशेजारी ठेवला तरी हरकत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत लागणाऱ्या बाकीच्या वस्तू साध्या आहेत. ओळखपत्र, जन्माचा दाखला, चालू औषधे, फोन, झोपायला जागा आणि पॅरोल अधिकाऱ्याकडे वेळेवर पोचण्यासाठी वाहन. कॅलिफोर्नियात सुटताना हातावर २०० डॉलर ठेवतात. हा आकडा १९७३ सालचा आहे. ज्यांना कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, त्यांनी २११ हा नंबर फिरवावा. देशात बहुतेक ठिकाणी तिथे निवारा, अन्न आणि उपचारांची माहिती देतात.

चौकटीचा इतिहास

आता आपल्या फॉर्मकडे वळू. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला. त्याची मांडणी आमच्यासारख्या प्रयोगशाळेतल्या माणसालाही आवडावी अशी. सारख्या वयाचे, सारख्या शिक्षणाचे तरुण ३५० ठिकाणी नोकरी मागायला पाठवले. फरक एवढाच की काहींनी अर्जावर तुरुंगवास झाल्याचे लिहायचे. प्रत्यक्षात कुणीच तुरुंगात गेलेले नव्हते. गोऱ्या तरुणांना एरवी ३४ टक्के ठिकाणांहून उलट बोलावणे आले, तुरुंगवास लिहिल्यावर १७ टक्के. काळ्या तरुणांना १४ टक्के, आणि तुरुंगवास लिहिल्यावर ५ टक्के. बारकाईने पाहा: काहीही न केलेल्या काळ्या तरुणाला तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्या तरुणाहून कमी बोलावणी आली. गव्हाळ रंगाच्या आपण मंडळींनी हे आकडे दोनदा वाचावेत.

ती चौकट अर्जावरून काढावी, अशी चळवळ सुरू झाली. हवाईने १९९८ मध्ये पहिला कायदा केला. न्यू जर्सीचा कायदा २०१५ पासून लागू झाला. २०१९ चा केंद्रीय कायदा २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमलात आला. त्यानुसार केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत, नोकरी देऊ केल्यावरच हा प्रश्न विचारता येतो. प्रश्न बंद झाला नाही, त्याची वेळ बदलली. आधी माणूस बघा, मग त्याचा कागद बघा.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की चौकट काढल्याने सगळे सुरळीत झाले नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे पंधरा हजार खोटे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती मिळेनाशी झाल्यावर काही मालक नावावरूनच अंदाज बांधू लागले आणि काळ्या-गोऱ्या अर्जदारांतले अंतर वाढले, असे त्यात दिसले. म्हणजे कागदावरची चौकट पुसता येते, डोक्यातली पुसायला माणसाला समोरासमोर भेटावे लागते.

आणि एकदा चुकलेला पुन्हा चुकेल, या भीतीचे काय? भीती निराधार नाही. २००५ मध्ये तीस राज्यांत सुटलेल्यांपैकी ६८ टक्क्यांना तीन वर्षांत पुन्हा अटक झाली होती. पण दुसरा एक अभ्यासही आहे. ब्लमस्टीन आणि नाकामुरा यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या जुन्या नोंदी तपासल्या. तरुणपणी अटक झालेला माणूस पुन्हा अटक न होता राहिला, तर गुन्ह्याच्या प्रकारानुसार साधारण चार ते आठ वर्षांत त्याच्याकडून असलेला धोका त्याच वयाच्या इतर कुणाहीइतकाच उरतो. आम्ही ज्या पदार्थांवर काम करतो त्यांच्या बाटल्यांवर मुदत लिहिलेली असते. माणसावरच्या लेबलाला आपण मुदत घालत नाही.

आपल्यासाठी विशेष

परदेशी नागरिकाच्या बाबतीत शिक्षा तुरुंगाच्या दाराशी संपत नाही. ग्रीन कार्ड असले तरी काही गुन्ह्यांसाठी देशाबाहेर पाठवले जाऊ शकते आणि १९९६ च्या कायद्यांनी अशा गुन्ह्यांची यादी बरीच वाढवली. होसे पदिया हे व्हिएतनाम युद्धात लढलेले, चाळीस वर्षे ग्रीन कार्डावर राहिलेले ट्रकचालक. वकिलाने "तुम्हाला काही होणार नाही" असे सांगितले म्हणून त्यांनी गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीचे संकट ओढवले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि हा धोका सांगणे वकिलाचे कर्तव्य ठरवले. तेव्हा लक्षात ठेवावे: नागरिकत्व नसलेल्याने गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. सुटून आल्यावर भारतात लग्नामुंजीला जाण्यापूर्वीही विचारावे, कारण परत येताना विमानतळावर अडचण होऊ शकते. लाजेपोटी न विचारणे इथे फार महाग पडते.

लाजेचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. मिनेसोटा राज्याने सोळा हजारांहून अधिक सुटलेल्यांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये सांगितले की ज्यांना आत असताना कुणीतरी भेटायला येत होते, त्यांना पुन्हा मोठ्या गुन्ह्यात शिक्षा होण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी कमी होते. भेटायला जायला डॉक्टरेट लागत नाही. आम्ही त्या बावीस महिन्यांत एकदाही गेलो नाही.

आता आपला फॉर्म

पुढच्या बैठकीत आम्ही पुढील सूचना मांडणार आहोत. सर्वसाधारण फॉर्मवर ही चौकट नसावी. मराठी शाळेत मुलांबरोबर काम करणाऱ्यांची तपासणी जरूर व्हावी, पण ती निवडीनंतर, सर्वांची सारखी, आणि काही आढळल्यास त्या व्यक्तीशी आधी खाजगीत बोलून. पैशांच्या पेटीजवळ नेहमी दोघांनी बसावे, मग ते कुणीही असोत. खजिनदारांनीही रागावू नये. इतिहास वाचून आम्हाला एवढेच कळले की ज्या ज्या ठिकाणी काही साधले, तिथे कुणीतरी एक माणूस ठरावीक वेळी ठरावीक जागी उभा होता. बॉस्टनच्या कोर्टात होता, डब्लिनच्या कारखान्याच्या दारात होता, आटपाडीच्या माळावर होता.

मागच्या रविवारी आम्ही काकूंकडे गेलो. फोन करून गेलो. क्षमा मागायची ती आधी मागितली. काकूंनी चहा केला आणि "साखर कमी चालते ना?" एवढेच विचारले. मुलगा वरून खाली आला. तो एका गोदामात रात्रपाळीला जातो. लायसन्स अजून परत मिळालेले नाही. पाळी पहाटे साडेपाचला सुटते आणि पहिली बस पावणेसातला येते. थंडीत तो तेवढा वेळ गोदामाच्या बाहेर उभा राहतो, कारण पाळी संपल्यावर आत थांबू देत नाहीत.

आम्ही मंगळवार आणि गुरुवार घेतले आहेत. तीन दिवस उरतात. गाडीतून किती जणांना आणू शकाल, हा प्रश्न आपल्या फॉर्मवर पूर्वीपासून आहेच. ज्यांना जमेल त्यांनी बैठकीत भेटावे.